उपरण्याखालचा सौदा

एका वेळी एकच काम करावं आणि ते नीट करावं, असं माझ्या आईनं मला शिकवलं होतं. श्रीरामपूरला बिऱ्हाड केलं आणि आमच्या घरमालकांनी पहिल्याच दिवशी ही शिकवण मोडीत काढली. किल्ली मागायला मी त्यांच्या पायरीशी गेले, तर म्हणाले, "वर ये. पण चढताना आजोळच्या माणसांची नावं सांगत ये, धाकट्यापासून थोरल्यापर्यंत." काखेत बोचकं, डोक्यावर ऊन, आणि हा माणूस माझ्या मामांची हजेरी घेतोय! मी म्हटलं, "मला किल्ली पाहिजे, नोकरी नको." तर पोट धरून हसले आणि आत तोंड करून ओरडले, "अहो, ऐकलंत का? भाडेकरीण तिखट आहे." आतून आवाज आला, "मग टिकेल."

आतला आवाज मास्तरीणबाईंचा. आणि हे मास्तर, म्हणजे शाळेतले निवृत्त ड्रिल मास्तर. उंच, काटक, बारा महिने खाकी अर्धी चड्डी. रविवारी चर्चमध्ये उपासनेला जाताना तेवढी फुल पँट चढायची. नमस्काराला नमस्कार नाही, कपाळाला हात लावून "सलाम". पुढच्या भागात ते दोघं राहायचे, मागच्या दोन खोल्यांत आम्ही, आणि मध्ये मोठं अंगण. आमचे हे साखर कारखान्यात पाळीवर, त्यामुळे दिवसभर मला करमणूक मास्तरांचीच.

हापशावर पाणी भरायला गेले की ते रेल्वेची स्टेशनं म्हणायचे, तीही उलटी. एक दट्ट्या, एक स्टेशन. "राहुरी, वांबोरी, विळद, निंबळक..." मध्येच एखादं चुकलं की भरलेली बादली ओतून द्यायची आणि पहिल्यापासून सुरुवात. दुष्काळाच्या साली एकदा अशी बादली ओतताना मास्तरीणबाईंनी बघितलं. त्या दिवशी मास्तरांना चहा मिळाला नाही. दाढी करायची ती एका पायावर उभं राहून, आणि त्याच वेळी मोठ्यानं वर्तमानपत्र वाचत. हनुवटीवर कायम कुठंतरी कापूस चिकटवलेला. सायकल चालवताना इंग्रजी वाक्यांचं मराठी करायचे. एकदा कुठलंसं अवघड वाक्य आलं असणार, सायकलीसकट पाटाच्या चारीत गेले. बाहेर आले ते ओल्या अंगानं वाक्य पुरं करतच.

"ह्यांना दोन कामं एकदम सांगावीत," मास्तरीणबाई मला म्हणायच्या, "म्हणजे दोन्ही बिघडवून आणतात. एकच सांगितलं तर आपल्या मनानं दुसरं शोधतात आणि मग आपल्याला तेही निस्तरावं लागतं."

मास्तरांचं यावर ठरलेलं उत्तर होतं. "एकट्या हाताला काही कळत नाही आणि एकट्या डोक्याला काही उचलत नाही. दोघांना एकत्र राबवा, मग बघा." हे खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं लढाईच्या दिवसांत. ऐन तरुणपणी ते कुठल्याशा लष्करी इस्पितळात वॉर्डातल्या मदतनिसाचं काम करत होते. डोक्याला मार लागून एक बाजू गेलेले शिपाई तिथं यायचे. ज्यांना नुसती मालिश व्हायची ते कॉटवर पडून राहायचे, आणि जे दुबळ्या हातात पत्ते धरून हट्टानं रमी खेळायचे ते उठायचे. असं मास्तर सांगायचे. कधी पत्ते असायचे, कधी बुद्धिबळ, एकदा तर हार्मोनियम निघाली. खरं-खोटं देव जाणे. पण सांगताना त्यांचा चेहरा असा व्हायचा, की हसू यायचं नाही.

मला मात्र यायचं. माझ्या घरावर वेळ येईपर्यंत यायचं.

माझे वडील, आबा, बैलांचे दलाल होते. आमच्याकडं हेडी म्हणतात. घोडेगाव, काष्टी, असे बाजार ते पालथे घालायचे. शेती होती, ती माझा थोरला भाऊ बघायचा. आबांचा जीव बाजारात. बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. घेणारा आणि देणारा उपरण्याखाली हातात हात घालतात, कुठलं बोट धरलं, कसं दाबलं, त्यावर आकडा ठरतो. भोवती माणसं उभी असली तरी कुणाला पत्ता लागत नाही. वर तोंडानं नुसतं "न्हाई, न्हाई" चाललेलं असतं. जमलं की हात बाहेर काढून टाळी. टाळी वाजली की सौदा झाला, मग आभाळ कोसळलं तरी फिरायचं नाही. ती बोटांची भाषा आबांनी मला कधी शिकवली नाही. दादाला शिकवायला बघितली, त्याला जमली नाही.

बहात्तरच्या दुष्काळात बाजारात बैल मावत नव्हते आणि घेणारं कुणी नव्हतं. तशात एका सौद्याला बसलेले असताना उपरण्याखालीच आबांचा उजवा हात सैल पडला. समोरच्याला वाटलं, आबा भाव पाडतायत. तो आपला बोटं दाबत राहिला. मग आबा कलंडले.

अंगावरून वारं गेलं होतं. उजवा हात, उजवा पाय गेला, आणि तोंडातून एकच शब्द निघायचा, "न्हाई". पाणी पाहिजे तरी न्हाई, नको तरी न्हाई. दादानं त्यांना श्रीरामपूरच्या दवाखान्यात आणलं, आणि तिथून माझ्याकडं. डॉक्टर चांगले होते. म्हणाले, "जिवाचं भय टळलंय. हातापायाला रोज व्यायाम द्या, आणि त्यांच्याशी माणसासारखं बोलत राहा. किती सुधारतील ते आज सांगता येणार नाही."

दादा जाताना मला बाजूला घेऊन म्हणाला, "तुझ्या समाधानासाठी ठेवतो. दिवाळीनंतर गाडी घिऊन येतो. फरक न्हाई दिसला तर घरी न्हेतो. मागच्या खोलीत खाट टाकू. हितं पडून ऱ्हान्यापरीस आपल्या घरी पडून ऱ्हातील. त्यांला आता काय कळतंय?"

हे सगळं त्यानं आबांच्या खाटेशी उभं राहून सांगितलं. आबांनी भिंतीकडं तोंड केलं. पण दादाला मी काय सांगणार? मलाही वाटत होतंच, की यांना कळत नसावं. ताट पुढं केलं की "न्हाई" म्हणायचे, आणि मी मुकाट ताट उचलायची.

मास्तर भेटायला आले ते नेमके जेवणाच्या वेळेला. मी ताट उचलायला वाकले, तर खेकसले, "ठेव ते खाली! तोंडाकडं काय बघतेस, हाताकडं बघ." आबांचा डावा हात भाकरीकडं निघालेला होता. चार दिवस मी माझ्या बापाला अर्धपोटी ठेवलं होतं! त्या दिवशी मास्तरांनी आबांना भरवलं नाही. जवळ बसून त्यांचं जेवण होईपर्यंत गप्पा मारल्या, दोन माणसं बोलतात तशा. उठताना म्हणाले, "उद्यापासून ह्यांना माझ्या ताब्यात दे."

आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळा घोटाळा केला. आबांना खाटेवर बसवलं, उजवा पाय स्वतःच्या हातानं उचलून खाली ठेवायला लावला, आणि म्हणाले, "म्हणा, निंबळक!" पुढचं पाऊल, "विळद!" स्टेशनं झाली, मग पाढे. बे एके बे. आबा बघत राहिले. ज्यांच्या एका शब्दावर काष्टीच्या बाजारात बैलांची दावण हलायची, त्यांना हा अर्ध्या चड्डीतला माणूस बे एके बे म्हणायला लावत होता. तिसऱ्या दिवशी आबांनी डोळे मिटून घेतले ते उघडलेच नाहीत. डोळ्यांच्या कडेनं पाणी मात्र आलं.

मग माझं डोकं फिरलं. अंगणात गाठून मी त्यांना म्हटलं, "मास्तर, माझा बाप काय तिसरीतलं पोर आहे? तुमची स्टेशनं तुमच्यापाशी ठेवा. सुधारायचं असलं तर सुधारतील, नाहीतर घरी जातील, पण त्यांची शोभा करू नका." वयानं बापासारखा माणूस, शिवाय घरमालक. पण मी बोलले ते बोलले. त्या दिवशी हापशावर स्टेशनं ऐकू आली नाहीत.

पुढं एक-दोन दिवसांनी सकाळीच दारात उभे. "सलाम. तुझं बरोबर होतं, मी गाढव आहे. आता मला नीट सांग, तुझे वडील काय काम करायचे? नुसतं 'दलाल' सांगू नको. कुठं बसायचे, काय धरायचे, काय बोलायचे, सगळं."

मी सांगितलं. उपरण्याचं आलं तसे मास्तर जाग्यावरच उडाले. "अगं, म्हणजे ह्यांचं गणित बोटांतच आहे की! आणि मी मूर्खासारखा तोंडातून काढायला बघत होतो!"

तसेच घरात पळाले आणि मास्तरीणबाईंची उपासनेला न्यायची चांगली शाल उचलून आणली. आबांच्या खाटेवर बसले, त्यांचा उजवा हात आपल्या हातात घेतला, वरून शाल टाकली आणि म्हणाले, "आबा, माझी सायकल विकायचीय. बोला."

आबांनी डोळे उघडले. शालीकडं बघितलं, मास्तरांकडं बघितलं. मास्तर खाली काय चाचपत होते कुणास ठाऊक, पण आबांच्या कपाळाला अशी आठी पडली, जशी कुणी देवापुढं चपला घालून गेल्यावर पडावी. "न्हाई!" म्हणाले. डाव्या हातानं शाल भिरकावली आणि खुंटीवरच्या आपल्या उपरण्याकडं बोट दाखवलं. वारं गेल्यापासून त्यांनी काही मागितलं, ते हे पहिलं. मी धावत जाऊन उपरणं काढून दिलं.

तिथून रोजचा बाजार सुरू झाला. मास्तरांना बोटांची भाषा ओ की ठो येत नव्हती. आबा ती शिकवायचे, आणि मास्तर हटून बसायचे की शिकवायची ती उजव्या हातानंच. आबांची बोटं वळत नसत. अंगठा थोडा हले, शेजारचं बोट नुसतं फुरफुरे. डाव्या हातानं आबा आपलं उजवं बोट उचलून मास्तरांच्या बोटावर ठेवायचे, दाबायला बघायचे, घामाघूम व्हायचे. मास्तर भलताच आकडा समजायचे. मग आबांची "न्हाई, न्हाई, न्हाई" अशी सरबत्ती. ह्या धंद्यात निम्मं बोलणं "न्हाई"च असतं, त्यामुळे एरवी केविलवाणा वाटणारा तो शब्द उपरण्यापाशी शोभून दिसायचा. समोरून कुणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, दोन हेडी बसलेत.

मी एकदा मास्तरीणबाईंना विचारलं, "मास्तर मुद्दाम चुकतात ना? आबांना पुन्हा पुन्हा करावं लागावं म्हणून?"

"नाही गं," त्या तांदूळ निवडत म्हणाल्या, "ते खरंच ढ आहेत."

माल मात्र रोज नवा. सायकल झाली, हापसा झाला, शेजारची शेळी झाली, अंगणातला कडुलिंब झाला. मास्तरांनी नियमच केला, की माल बघितल्याशिवाय भाव करायचा नाही. हेड्याला ते सांगावंच लागत नाही. त्यामुळे आबांना खाटेवरून उठून, माझ्या आणि मास्तरांच्या आधारानं पाय ओढत मालापर्यंत जावं लागायचं, त्याच्याभोवती फिरावं लागायचं. पुढं मास्तर माल लांब लांब ठेवायला लागले. शेळीचे तर आबांनी दात बघितले, पाठीवर थाप मारली आणि तोंड असं वाकडं केलं की शेळीची मालकीण रुसली. मग काठीवर आले. मी कधी आधार द्यायला गेले की माझा हात झटकायला लागले. डॉक्टरांना मास्तरांनी हे रंगवून सांगितलं, तर ते हसून म्हणाले, "चालू ठेवा. फक्त पडू देऊ नका." करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मात्र मेल्यासारखी होती. मास्तरांना त्याचा ध्यास लागला होता. आणि तोंडात तोच एक शब्द. मी मनात दिवाळी किती लांब आहे ते बघत होते.

दिवाळी आली आणि गेली. एका सकाळी अंगणात बैलगाडी उभी राहिली. दादा आला होता. गाडीत कडबा पसरून वर गोधडी अंथरलेली. आबांची तयारी करूनच आला होता तो.

मी चहा ठेवला आणि त्याला सगळं सांगायला बसले. आता काठीवर चालतात, हात हलतो. दादानं ऐकून घेतलं. वाईट नव्हता माझा भाऊ. दुष्काळानं आणि एकट्याच्या कामानं पिचला होता. म्हणाला, "चालत्यात ही चांगलीच गोष्ट. पन डोस्क्याचं काय? शेळीचा भाव करत्यात, झाडाचा भाव करत्यात, म्हंजी खेळच की. ल्हान पोरासारखं. तू किती दिस करनार? दुपारी निघतो आमी."

आबा खाटेवर बसून ऐकत होते. गोधडीकडं एकदा बघितलं त्यांनी आणि मग माझ्याकडं. ती नजर मला अजून दिसते. मी आत जाऊन चुलीपुढं बसून राहिले. करणार काय?

मास्तर आले ते नेहमीप्रमाणं बाजाराच्या वेळेला. दादानं बैल सोडून कडुलिंबाला बांधले होते. एक पांढरा, आणि एक तांबूस ठिपक्यांचा, पवळ्या. मास्तरांनी बैल बघितले, दादा बघितला, गोधडी बघितली. सगळं समजले. पण गडी हटणारा नाही. म्हणाले, "आबा, आज शेवटचा बाजार. आणि आज खरा माल आहे. हा पवळ्या मला द्यायचा का?"

दादा हसला. "करा, करा. तेवढीच गंमत."

आबा उठले. काठी टेकत एकटे झाडापर्यंत गेले. मी धावले नाही. पवळ्यानं त्यांना हुंगलं. आबांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला, शेपटी झाडली, त्याचं तोंड उन्हाकडं केलं. बैल एकदम देखणा दिसायला लागला. मास्तरांनी शिकल्याप्रमाणं दात बघितले, खूर बघितले, मान हलवली. दोघं गाडीच्या जुवावर टेकले. मध्ये उपरणं.

खाली काय चाललं होतं ते दोघांनाच माहीत. वर मास्तर म्हणायचे "छे छे", आबा म्हणायचे "न्हाई". मास्तर उठून जायचं नाटक करायचे, आबा आभाळाकडं बघायचे. इतका वेळ चाललेला त्यांचा सौदा मी कधी बघितला नव्हता. दादाचा चहा हातात गार झाला. आबांच्या कानशिलावरून घाम ओघळत होता. ओठ गच्च मिटलेले. उपरणं एका कोपऱ्याला जरासं हललं.

आणि मास्तर किंचाळले, "करंगळी! अगं पोरी, करंगळी दाबली ह्यांनी!" उपरण्यातून हात ओढून काढला आणि आनंदाच्या भरात आबांच्या तळहातावर फाडकन टाळी दिली. "शाब्बास, आबा! शाब्बास!"

मी पदर तोंडात धरला. मास्तर नाचायचे तेवढे बाकी होते. पण आबा नाचत नव्हते. ते उठले, झाडाशी गेले, डाव्या हातानं पवळ्याचा कासरा सोडला, उजव्या हातात घेतला, घसरला, पुन्हा घेतला, आणि आणून मास्तरांच्या हातात दिला.

"वा वा," मास्तर हसत म्हणाले, "बैल माझा झाला! आता बांधा परत."

"न्हाई," आबा म्हणाले.

"अहो, झाला की व्यायाम."

"न्हाई!" आबांचा आवाज चढला. गळ्याच्या शिरा ताठ झाल्या. तोंड वेडंवाकडं झालं, काहीतरी आतून वर येत होतं आणि दातांशी अडत होतं. मग आलं. "सौदा."

वारं गेल्यापासून "न्हाई"शिवाय निघालेला हा पहिला शब्द.

दादा पुढं झाला. "आबा, आवो खेळ हुता त्यो. मास्तरांनी तुमच्या बोटाला टाळी दिली, भावाला न्हाई."

आबांनी त्याच्याकडं बघितलंच नाही. ते मास्तरांकडं बघत होते. मला कळलं त्यांच्या मनात काय आहे ते. हा माणूस आता 'खेळ होता' म्हणाला, तर इतके दिवस चाललं ते सगळं खेळच. मग चढायचं गाडीत आणि जायचं मागच्या खोलीत. म्हणावंसं वाटलं, मास्तर, घ्या हो बैल! पण कुठल्या तोंडानं म्हणू? दुष्काळात लोक घरचे बैल सोडून देत होते. पेन्शनीवरचा म्हातारा माणूस, त्याला बैल कशाला?

व्हरांड्यातून मास्तरीणबाई म्हणाल्या, "टाळी कुणी दिली? तुम्हीच ना?"

मास्तरांनी बायकोकडं बघितलं. मग पाय जुळवून ताठ उभे राहिले. "हो. टाळी दिली. सौदा झाला. बैल माझा आहे."

दादा हबकला. मग त्याचा भला स्वभाव उफाळून आला आणि तो ओरडला, "आवो मास्तर, फसाल! त्यो बसका हाय! जुवाखाली घातला की खाली बसतो, मेला तरी उठत न्हाई. वरीसभर विकायला बघतोय मी, गावात सगळ्यांला ठावं हाय म्हनून कोनी हात लावत न्हाई. हितवर येताना दोनदा बसला!"

मास्तरांनी हळूच आबांकडं बघितलं. आबा कडुलिंबाच्या शेंड्याकडं बघत होते. चेहरा असा, जसं त्या गावचेच नाहीत.

आणि मास्तर हसायला लागले. कासरा हातात धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. "ह्या माणसाला काही कळत नाही म्हणता? अहो, खोडीचा बैल उन्हात उभा करून, तोंडातून एक शब्द न काढता माझ्या गळ्यात मारला ह्यांनी!"

दादा मटकन जुवावर बसला. बापाकडं बघत राहिला. मग म्हणाला, "आन मी गाडी कशी न्हेऊ? दुसरीकडनं काय मी सोताला जुंपू?"

"तुम्ही नका," मास्तरीणबाई म्हणाल्या. "ह्यांना जुंपा. निंबळक, विळद करत ओढतील."

मास्तरांनी पुन्हा उपरण्याखाली हात घालून आबांना भाव विचारला. तो ऐकून, म्हणजे समजून, त्यांचा चेहरा जरा उतरला. पण आत गेले आणि पैसे आणून दिले. किती, ते आम्हाला कधी कळलं नाही. उपरण्याखालचं उपरण्याखालीच राहतं. आबांनी ते डाव्या हातानं दादाच्या हवाली केले. दादा गाडी अंगणात ठेवून, एकटा पांढरा बैल घेऊन पायी गावाकडं निघाला. जाताना मला म्हणाला, "कुनाचा तरी बैल मागून आनतो आन गाडी न्हेतो. आबांचं काय करायचं ते तवा बघू." म्हणजे टांगती तलवार होतीच. एका सौद्यानं माणूस बरा होतो होय?

दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तर आबांची खाट रिकामी. काठी नाही, उपरणं नाही. पाटाचं पाणी जवळ, काही झालं असलं तर? अनवाणी धावत सुटले. पाटाकडं जाणाऱ्या रस्त्याला मास्तरांची रिकामी जागा होती, बाभळीखाली. तिथं पवळ्या बांधला होता. आणि तिथं आबा होते. घरापासून तिथवर एकटे गेले होते.

मास्तर उसाच्या वाढ्याचा भारा कवटाळून उभे होते, हनुवटीला कापूस. बैलाला त्यांनी शाळेतली पोरं रांगेत उभी करतात तसा झाडाशी आखडून बांधला होता. बिचाऱ्याला मान खाली करता येईना, वाढं पुढ्यात आणि तोंड पोचेना. आबांचा राग अनावर झाला होता. "न्हाई, न्हाई!" करत त्यांनी काठी बाभळीला टेकवली आणि कासऱ्याची गाठ सोडायला घेतली.

काठी सोडलेली बघून मी पुढं झाले. मास्तरांनी डोळ्यांनी मला थांबवलं. मी थांबले.

गाठ सुटली. मग नवी गाठ. ढिली, बैलाला बसता-उठता येईल अशी. डावा हात दोरी वळवून आणायचा, उजवा धरून ठेवायचा. धरता धरता बोटं उलगडायची, दोरी निसटायची. आबा पुन्हा धरायचे. ओठांशी काहीतरी पुटपुटत होते, शब्द नव्हते ते, पण हाताला सांगत होते असं वाटत होतं. पवळ्या मान वळवून बघत होता. शेवटी उजव्या हातानं दोरी धरली, करंगळीसकट धरली, आणि गाठ बसली. बैलानं मान खाली घालून वाढ्याला तोंड लावलं.

आबा मास्तरांकडं वळले. दम लागला होता. तोंड पुन्हा वाकडं झालं, शब्द एकेक करून आला. "बैल... हाय त्यो. शाळा... न्हाई."

"हो, आबा," मास्तर म्हणाले. त्यांच्या हातातला भारा तसाच होता. "चुकलो. उद्या सकाळी या, मला वैरण कशी घालायची ते दाखवा."

मी तिथंच पाटाच्या बांधावर बसले आणि ढसाढसा रडले. कुणी बघतंय का याची पर्वा केली नाही. मग डोळे पुसले आणि आमच्या गावच्या एका माणसाला कारखान्याच्या रस्त्यावर गाठून दादाला सांगावा धाडला. म्हटलं, त्याला सांग, सवडीनं ये आणि तुझी गाडी घेऊन जा. आबांची वाट बघू नको, त्यांना इथं काम लागलंय.